खिडक्या उघडा म्हणणारे डॉक्टर

डॉक्टर चापगावकरांना निपाणीत नावानं ओळखणारी माणसं थोडी. बाकी सगळ्या गावाला ते 'थाळीडॉक्टर' म्हणूनच ठाऊक. मी तेव्हा नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर, म्हणजे गावाच्या गटारींचा वास पगार घेऊन हुंगणारा माणूस. आणि हे गृहस्थ गावाच्या घराघरांतली हवा तपासायला निघालेले. तेव्हा आमची गाठ पडणं भागच होतं.

पहिल्यांदा कचेरीत आले ते हातात पितळी डबा घेऊन. मला वाटलं, जेवणाचा असेल. उघडला तर आत रुमालात गुंडाळलेल्या काचेच्या चपट्या, झाकणाच्या थाळ्या. प्रत्येकीच्या तळाला खरवसासारखा काहीतरी थिजलेला पदार्थ.

"इन्स्पेक्टर, तुमच्या गावातल्या बंद खोल्या मला दाखवा," ते म्हणाले.

"बंद खोलीत काय बघायचं असतं?"

"हवा."

मी हसलो. ते हसले नाहीत. उंच, काळेसावळे, गळाबंद कोट आणि पायात कोल्हापुरी. खानापूर भागातल्या शेतकरी घरातला माणूस. तळहात नांगर धरणाऱ्याचे होते, पण त्याच हातांनी काचेचं झाकण असं अलगद उचलत की पाहणाऱ्यानं श्वास रोखावा. मुंबईत डॉक्टरी शिकून ते बेळगावला एका सरकारी प्रयोगशाळेत जंतूंवर काम करत होते. तिथं वरिष्ठांशी बिनसलं. वरिष्ठ म्हणत, रोग पाण्यातून येतो, उंदरांतून येतो, हातांतून आणि थुंकीतून येतो. हवेतून रोग येतो ही अडाण्यांची जुनी समजूत आहे. डॉक्टर म्हणत, मोकळ्या हवेतून नसेल येत, पण कोंडलेल्या खोलीत खोकणाऱ्याचा श्वास तरंगत राहतो आणि उरलेले तोच पुन्हा पुन्हा आत ओढतात. या भांडणापायी त्यांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडलं आणि निपाणीत दवाखाना काढला. निपाणीच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "कोंडलेल्या खोल्या हव्यात ना? तुमच्याइतक्या तंबाखूच्या वखारी दुसऱ्या कुठल्या गावात आहेत?" हे कौतुक की शिवी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांची रीत साधी होती. खोलीत थाळी ठेवायची, झाकण काढायचं, थोडा वेळ उघडी राहू द्यायची आणि पुन्हा झाकायची. तेवढ्या वेळात हवेतले जंतू तिच्यावर पडत. मग ती घरच्या लाकडी पेटीत कंदिलाच्या उबेला ठेवायची. एकदोन दिवसांत थाळीवर पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके उगवत. ठिपके जितके जास्त तितकी ती खोली जास्त कोंडलेली. "क्षयाचा जंतू या थाळीत उगवत नाही, तो फार हट्टी," हे ते स्वतःच सांगत. "पण जिथं हे एवढे अडकून पडलेत, तिथं तोही अडकलेला असणार. चोरांच्या वस्तीत एखादा दरोडेखोर असतोच की."

या जंतूंना खायला मटणाचा रस्सा लागे. तो शिजवायचं काम होतं आक्कांचं. आक्का ही डॉक्टरांची थोरली विधवा बहीण. डॉक्टरांची बायको मुलगी लहान असतानाच वारलेली. ती मुलगी, सुमी, आक्कांनीच वाढवली. डॉक्टरांनाही एका अर्थी त्यांनीच वाढवलं होतं. मीठमसाल्याशिवायचा तो रस्सा चुलीवर उकळायला लागला की आक्का गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "जंतूस्नी रस्सा आनि आमास्नी आमटी! दत्तू, तुझ्या घरात जंतू हून जलमाला याला पायजे हुतं बघ." डॉक्टर मान खाली घालून रस्सा गाळत राहायचे. आख्ख्या निपाणीत त्यांना गप्प करणारं तेवढं एकच माणूस होतं.

बाकी कुणाची भीडभाड त्यांना नव्हती. एकदा एका वखारीत आम्ही गेलो. आत बायका पाल्याच्या ढिगांमध्ये बसून तंबाखू निवडत होत्या, नाकातोंडावर फडकी, भुवयांवर पिवळी धूळ. एकूण एक खिडकी बंद. मालक शेठ आमच्यासाठी सुपारी कातरत म्हणाला, "वारं लागलं की पानं वाळत्यात डॉक्टर, चुरा हुतोय. माल खराब होतो."

डॉक्टरांनी थाळी खाली ठेवली, झाकण काढलं आणि शेठला विचारलं, "मालाला वारा लागू नये म्हणून ह्या बायकांनाही लागू द्यायचा नाही, असंच ना?"

शेठ मलाच म्हणाला, "इन्स्पेक्टर, ह्यास्नी घेऊन पुन्यांदा येऊ नगा."

मग पालिकेच्या सभेची गोष्ट. भर सभेत, अध्यक्षांचं आरोग्यावरचं भाषण चालू असताना, डॉक्टरांनी त्यांच्या टेबलावर थाळी उघडी ठेवली. पुढच्या आठवड्यात तीच थाळी घेऊन हजर! थाळीवर बोट ठेवायला जागा नव्हती. "अध्यक्षसाहेब, हे आपलं भाषण," एवढंच म्हणाले. सभासद पोट धरून हसले, आणि त्याच बैठकीत सभागृहाच्या भिंतींत वर झरोके पाडायचा ठराव झाला. झरोके अर्थात पुढं कधीच पडले नाहीत. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, कारण अध्यक्ष माझी रजा नेहमी नामंजूर करत.

आता मी हे गमतीगमतीत सांगतोय खरा. पण या माणसाची आठवण आली की मला आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते, त्यांच्यासाठी आणि आम्हा सगळ्यांसाठीच. ते का, ते पुढं सांगतो.

आमच्या भागात क्षयाला क्षय म्हणत नसत. 'अंगात जरा कसर हाय' म्हणत, 'बारीक ताप येतोय' म्हणत. घरात क्षय आहे असं एकदा बाहेर फुटलं की त्या घरच्या पोरींना स्थळ येत नसे आणि पोरांना कुणी मुलगी देत नसे. तेव्हा आजारी माणसाला आतल्या खोलीत घालायचं आणि ती खोली विसरून जायची, अशी चाल. एकदा असंच एका घरी गेलो. खिडकीला आतून पोतं ठोकलेलं. डॉक्टर भडकले. घरमालकाला, पिकल्या केसांच्या माणसाला, नाही नाही ते बोलले. जनावराच्या गोठ्याला तरी भोक ठेवता, म्हणाले. तो हात जोडून उभा होता. पोतं मात्र काढलं नाही.

परतताना मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना वाऱ्याची भीती नाही. खिडकी रस्त्यावर उघडते. पोरीचा खोकला रस्त्यावर ऐकू जातो."

डॉक्टर थांबले. खरंच नवल वाटल्यासारखे माझ्याकडं बघत राहिले. "लाज?" ते म्हणाले. "जंतूची कसली लाज, इन्स्पेक्टर? विंचू चावला तर लाजतात का लोक?"

त्यांना ते कळलंच नाही. इतकी अक्कल असलेल्या माणसाला एवढी गोष्ट कळू नये याचा मला त्या वेळी रागच आला होता.

पुढच्या वर्षी आक्कांना खोकला लागला. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. त्यांनी घरातली सगळ्यात चांगली खोली, पुढच्या सोप्याला लागून असलेली, पूर्वेकडून उजेड येणारी, आक्कांना दिली. तिची खिडकी सुताराकडून मोठी करून घेतली. खोलीत जाताना काय करायचं, किती वेळ बसायचं, ते सुमीला शिकवलं. आक्का दिवसभर त्या खिडकीत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायच्या. गल्लीतले लोक दबक्या आवाजात विचारत, "आक्कांना काय झालंय?" डॉक्टर सांगत, "थोडा दमा आहे." ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या कानांची चूक झाली. ज्या माणसानं अध्यक्षांचं भाषण थाळीत धरून दाखवलं तो दमा म्हणतोय! पण सुमी तेव्हा लग्नाची होती. मी मूग गिळून बसलो.

मग संकेश्वरचं स्थळ आलं. घर चांगलं, बागायती, ऊस. मुलगा शिकलेला, शांत. डॉक्टर आधी जाऊन घर बघून आले. मी विचारलं, "थाळी नेली होतीत का?" ते म्हणाले, "सोयरिकीच्या घरात थाळी कशी ठेवायची, इन्स्पेक्टर? बरं दिसतं का ते?" मीही म्हटलं, खरंच, बरं नाही दिसत.

मुलगी बघायला पाव्हणे आले तेव्हा उन्हाळा होता. सोप्यावर जाजम घातलेलं, मी घरचा माणूस म्हणून पान-सुपारीच्या तबकापाशी. आक्कांच्या खोलीचं दार लावलेलं, पण त्यांची खिडकी सोप्याच्या बाजूलाच अंगणात उघडत होती. सुमी पोह्यांच्या बशा घेऊन आली, बसली. मुलाची आई, ठसठशीत कुंकवाची शांत बाई, तिला स्वयंपाकाचं काहीतरी विचारत होती. तेवढ्यात खोलीतून खोकला आला. आधी एकदा, मग थांबायचं नावच नाही.

सुमीनं खाली घातलेली मान आणखी खाली घातली. मुलाच्या आईचा प्रश्न अर्ध्यावर राहिला. डॉक्टर उठले. "आलोच," म्हणाले, दार उघडून आत गेले. मला आतून खिडकीची दारं एकामागून एक ओढल्याचा आवाज आला, मग कडी घातल्याचा. ते बाहेर आले, पाठीमागं दार घट्ट ओढून घेतलं, बसले आणि म्हणाले, "हं, काय म्हणत होता तुम्ही?"

आतून परत खोकला आला, पण आता तो वाकळेत दाबलेला होता.

मी तबकातल्या पानांकडं बघत बसलो. त्या दिवशी चैत्राची उन्हं होती, आणि पाव्हणे निवांत होते. जेवले, वामकुक्षी केली, याद्यांचं बोलले. दिवेलागणीला बैलगाडी हलली. गाडी वळणाआड गेल्याबरोबर डॉक्टर धावतच खोलीत गेले, मी पाठोपाठ. आत पाऊल टाकवत नव्हतं अशी हवा. आक्का वाकळ तोंडाशी धरून भिंतीला टेकून बसल्या होत्या, केस घामानं चिकटलेले. डॉक्टरांनी कडीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या.

"आक्का, गेले ते."

"तू लावलीस न्हवं? मग ऱ्हाऊ दे आता. पोरीचं लगीन हुईपतोर." त्या रागानं बोलत नव्हत्या. उलट त्याची समजूत घालत होत्या. "तुझं बराबर हाय दत्तू. मलाच आधी सुचाय पायजे हुतं."

डॉक्टरांचा हात कडीवर होता. मी वाट बघत होतो. मला खात्री होती की ते कडी काढतील, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी धाडकन खिडकी उघडतील. त्यांनी हात खाली घेतला.

लग्न होईपर्यंत ती खिडकी बंद राहिली. माणसाला लाज वाटते तेव्हा तो काय करतो हे मी डॉक्टरांकडं बघून शिकलो. ते गल्लीतून जाताना कोपऱ्याकोपऱ्यानं जाऊ लागले. थाळ्या घेऊन घरोघर जात, पण बंद खिडकी दिसली तरी आता कुणाला बोलत नसत. थाळी ठेवत, उचलत, नमस्कार करून निघत. लोक मला म्हणू लागले, "डॉक्टर निवळलं की वं! आता माणसात आलं." त्या पोत्यावाल्या घरमालकाच्या दारावरून जायची वेळ आली की डॉक्टर दुसऱ्या गल्लीनं वळसा घालत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "त्या गृहस्थांसमोर कोणत्या तोंडानं जाऊ?"

लग्न दारातच झालं. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा आक्का बंद खोलीत होत्या. निघताना सुमी पाया पडायला आत गेली, मी दारात होतो. आक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, पदर नाकाशी धरला, आणि हात तसाच मागं करून चाचपत पोरीच्या डोक्यावर ठेवला. "जा आता," म्हणाल्या, "माझ्याम्होरं जास्त थांबू नगंस." त्याच पावसाळ्यात त्या गेल्या.

आक्कांच्या दिवसकार्याला संकेश्वरची मंडळी आली. सुमीही आली होती. शेजारपाजारचे म्हणत होते, वय झालं होतं, दमा होता. विहीणबाई डॉक्टरांसमोर बसल्या आणि रीतीप्रमाणं विचारलं, "काय झालतं वो आक्कास्नी?"

डॉक्टरांनी सरळ मान वर केली. "क्षय," ते म्हणाले. "तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हाही होता. तुम्हाला कळू नये म्हणून मी खिडकी लावली. भर उन्हाळ्यात दिवसभर तिला कोंडून ठेवलं. मी. रोज लोकांना खिडक्या उघडा म्हणून सांगणारा. तुम्हाला फसवलं मी. काय बोलायचं ते बोला. पण सुमीला बोलू नका."

मला वाटलं, आता ही बाई उठणार, सुनेला इथंच ठेवून चालू लागणार. सुमीनं पदर तोंडात कोंबला होता.

विहीणबाई उठल्या नाहीत. जाजमाची दशी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आमी आयकलतं त्या दिशी, डॉक्टर. त्यो खोकला आमाला वळखू येतोय."

"मग?"

"घरात हाय न्हवं. माझा धाकटा. वरसभर माळ्यावर निजवून ठेवलाय त्येला." त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं नाही. "तुमी घर बघाय आलता न्हवं, त्या दिशी माळ्याची शिडी काढून परड्यात ठिवलती आमी. आनि त्येला सांगटलं, पाव्हणं हाईत, खोकू नगंस."

मी सुमीकडं बघितलं. तिला हे ठाऊक होतं. सासरी गेल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तिनं बापाला कळवलं नव्हतं. का, ते विचारायची गरज नव्हती. आपल्या घरात काय झाकलं होतं तेही तिला ठाऊकच होतं.

डॉक्टरांनी रागवावं कुणावर? दुसरा कुणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं, आणि घ्यायचा त्याला हक्कही होता. यांनी तो त्या खिडकीच्या कडीबरोबर घालवला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरगा किती वर्षांचा?"

"ईस."

"शिडी आहे ना अजून?"

"हाय की."

"उद्या मी येतो."

त्यानंतर दवाखाना एक दिवस चालू, एक दिवस बंद, असं झालं. थाळ्या माझ्या कचेरीच्या कपाटात आणून ठेवल्या. तुमच्याकडं असू देत, म्हणाले. बेळगावला डॉक्टरांच्या मंडळापुढं निबंध वाचायचं आमंत्रण आलं होतं, इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकून घ्यायला तयार झालं होतं, तिकडं ते गेलेच नाहीत. मी फार आग्रह केला. म्हणाले, "काय वाचू, इन्स्पेक्टर? हवेत काय असतं ते मला ठाऊक आहे. माणसं ती का कोंडतात, ते त्या निबंधात नाही. आणि ते मला जसं कळलं, तसं चारचौघांत वाचता येत नाही."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लढाईच्या दिवसांत. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. तशा एका मोटारीतून मी बेळगावला निघालो होतो आणि ती संकेश्वरात नेहमीप्रमाणं बंद पडली. ड्रायव्हर टाकीत काटकी घालून ढवळत बसला. मी पाय मोकळे करायला उतरलो तर समोरच सुमीचं सासर.

भर रस्त्यालगतच्या कट्ट्यावर, मांडवाखाली, एक खाट टाकलेली. खाटेवर एक हाडकुळा पोरगा उशीला टेकून बसला होता आणि मोकळ्यानं खोकत होता. पायथ्याशी डॉक्टर. शेजारी घरून आणलेली भाकरीची पिशवी आणि पाण्याचा तांब्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा रिवाज या जंतुशास्त्रज्ञानं काटेकोर पाळला होता. लोक रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जात होते. एक बाजारकरी थांबला आणि विचारलं, "पोराला काय झालंय वं?"

"क्षय," डॉक्टर ठणठणीत आवाजात म्हणाले. "माझ्या मुलीचा दीर."

तो माणूस धोतर सावरत झपाट्यानं पुढं गेला. डॉक्टरांनी मला ओळखलं, कट्ट्यावर जागा दिली. ते फार म्हातारे दिसत होते. म्हणाले, "पहिले दोन महिने घरची माणसं भाच्या-पुतण्यांच्या लग्नापायी माझ्या पाया पडत होती, ह्याला आत घ्या म्हणून. आता दमली. पोराला जरा उतार आहे." थोडं थांबून म्हणाले, "निदान आभाळ दिसतंय त्याला."

मी काही बोलणार तेवढ्यात घरातून खोकल्याचा आवाज आला. बाईचा. एकदा, आणि लगेच दाबल्यासारखा.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मी घाईनं म्हणालो, "चुलीचा धूर असेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते उठून उभे राहिले. "सुमे!"

"काय, आप्पा?" आतून आवाज आला.

"आत नको खोकू. इथं बाहेर ये."

ती दारापर्यंत आली. तोंडावर पदर, डोळे बापावर. मग तिनं रस्त्याकडं बघितलं. बाजाराचा दिवस होता, माणसं येत-जात होती, दोघी-तिघी बायका थांबून बघत होत्या. तिचं पाऊल उंबऱ्यावर अडलं.

मोटार सुरू झाली, ड्रायव्हर ओरडायला लागला. मी चढलो आणि मागं वळून बघितलं. डॉक्टर तिच्याकडं हात पुढं करून कट्ट्यावर उभे होते. मोटार वळेपर्यंत मी बघत होतो. सुमी अजून उंबऱ्यातच होती.